चाकावरची किल्ली

अग्निशमन दलाच्या लिलावाला मी नदीची सफर द्यायला नको होती. काही द्यायचंच होतं तर सासूबाईंनी लग्नात दिलेलं ते कोकिळेचं घड्याळ द्यायचं होतं. तेवीस वर्षं ते दर तासाला माझ्या डोक्यावर ओरडतंय. घड्याळ गेलं असतं, अब्रू राहिली असती.

आमच्या गावात दर वसंतात हा लिलाव होतो. दल स्वयंसेवकांचं, म्हणजे आग लागली की न्हावी, औषधवाला आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा असे तिघं पाइप घेऊन धावतात. पाइपाला भोकं पडली की लिलाव. लोक घरून गोधडी आणतात, जुनी करवत आणतात, गोठवलेलं हरणाचं मांस आणतात. आणि माँटानात नदीकाठच्या गावात राहणारा, स्वतःला मासेमार म्हणवणारा पुरुष असाल, तर 'होडीतून एक दिवसाची मासेमारीची सफर, दुपारच्या जेवणासह' अशी चिठ्ठी लिहून द्यायची रीत आहे. घेणारा गावातलाच असतो. तो चाळीस डॉलर देतो, सफरीला कधीच येत नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्याची करवत घेता. अकरा वर्षं मी ही चिठ्ठी दिली होती. अकरा वर्षांत वल्ही एकदाही ओली झाली नव्हती.

यंदा मागच्या रांगेतून हात वर झाला आणि आवाज आला, "दोन हजार."

सगळ्या सभागृहाच्या माना मागे वळल्या. हात कॉर्बिन लॅथ्रपचा होता. मग त्या सगळ्या माना तिथून माझ्याकडे वळल्या.

हा लॅथ्रप दोन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातून आला. तिकडे त्यानं काहीतरी विकलं. काय विकलं ते त्यानं मला दोनदा समजावून सांगितलंय. दोन्हीदा मी मान डोलावली आणि दोन्हीदा मला कळलं नाही. त्या पैशातून त्यानं नदीकाठचं हॅल्व्हरसनचं सगळं कुरण घेतलं. कुरणाबरोबर नदीकडे उतरणारी गाडीवाटही त्याची झाली आणि वाटेच्या तोंडाचं फाटकही. त्या फाटकाला साठ वर्षं कुलूप नव्हतं. कागदही नव्हता. म्हातारा हॅल्व्हरसन एवढंच म्हणायचा, "या, पण फाटक लोटून घ्या, गाई बाहेर जातात." लॅथ्रपकडे गाई नाहीत. म्हणून त्यानं कुलूप लावलं.

आम्हा बाकीच्यांना कुलपाचा त्रास म्हणजे चौदा मैलांचा वळसा. तिथं सरकारी धक्का आहे, बावीस पायऱ्या उतरायच्या की पाणी. शेजारच्या ओर्विल ट्वेटचं मात्र तसं नव्हतं. ओर्विल एकोणऐंशी वर्षांचा. चाळीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं. त्याचे खुब्याचे दोन्ही सांधे बदललेत. एक चांगला बसला, दुसऱ्यानं सूड घेतला. त्या गाडीवाटेनं तो गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायचा, घडीची खुर्ची मांडायचा आणि बसल्या बसल्या मासे धरायचा. कुलूप लागल्यावर एकदा तो हट्टानं बावीस पायऱ्या उतरला. चढता येईना. शेवटी अग्निशमन दलाला बोलवावं लागलं. त्याला उचलून वर आणताना न्हावी सहज म्हणाला, "ओर्विल, केस वाढलेत हो तुमचे." त्या दिवसानंतर ओर्विल नदीवर गेला नाही. ओसरीत बसून पिसं आणि दोरा गुंडाळून गळाच्या खोट्या माश्या बनवत राहिला. दोन उन्हाळ्यांत त्याच्याकडे माश्यांनी भरलेले चौदा डबे झाले.

तर लिलावात हातोडा पडला आणि ओर्विलनं माझी बाही ओढली.

"मास्तर," तो कुजबुजला, "आठ तास. होडीत. बोलायला तू एकटा. पळून जाणार कुठं लेकाचा?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून ही सफर माझी राहिली नाही, गावाची झाली. तेहतीस वर्षं मी या गावाला भूमिती शिकवली. एकानंही कधी वर्गाबाहेर माझ्याकडे शंका आणली नाही. आता रस्त्यात अडवून अडवून सल्ले. न्हावी म्हणाला, त्याला बोलू द्या, बोलणारा माणूस ढिला पडतो. औषधवाला म्हणाला, उन्हाची टोपी द्या, ऊन लागलं की माणूस चिडतो. पाद्रीबुवांनी माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणून सांगितलं, आणि लगेच विचारलं की तो कोणता गळ वापरतो. सगळ्यांचा सिद्धान्त मात्र एकच होता: त्याला एक मोठा मासा मिळू दे. खूश झालेला माणूस फाटक उघडतो.

माझी बायको नोरीन हे ऐकून म्हणाली, "लग्नाच्या दिवशी तू खूश होतास. बाबांची बाटली सोडून काय उघडलंस?"

मी तिला म्हटलं, हा गावाचा प्रश्न आहे, यात व्यक्तिगत आणू नकोस.

पहिली ठेच परवाना कार्यालयात लागली. मी फोन केला तो केवळ सज्जनपणातून. न विचारता गेलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण शिक्षकाच्या हाडात एक मूर्खपणा असतो, तो निवृत्तीबरोबर निवृत्त होत नाही.

"तुम्ही या सफरीचे पैसे घेणार?" पलीकडची बाई.

"छे, एक पैसाही नाही."

"पण कुणीतरी दिलेत?"

"हो, पण अग्निशमन दलाला."

"म्हणजे दिलेत. मग तुम्ही वाटाड्ये. वाटाड्याला परवाना लागतो, परवान्याला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, आणि कुणातरी परवानाधारक सफरवाल्याच्या हाताखाली असावं लागतं."

"बाई, मी एकसष्ट वर्षांचा आहे. या नदीवर मी चाळीस वर्षं..."

"परवान्याशिवाय?" तिनं विचारलं आणि मला पेन उचलल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

गावात परवानाधारक सफरवाली एकच, डार्सी. तिचं गळ-दोऱ्यांचं दुकान आहे. डार्सीला मी भूमितीत दोनदा नापास केलं होतं. दोन्हीदा बरोबरच केलं होतं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. तिनं माझा अर्ज समोर धरला आणि सावकाश, एकेक ओळीवर बोट ठेवून वाचला.

"सर, इथं 'अनुभव' या रकान्यात तुम्ही 'भरपूर' लिहिलंय. कसं काढलंत ते दाखवा ना. पायऱ्या लिहिल्याशिवाय गुण मिळत नाहीत."

तिनं सही केली खरी, पण होडी बांधण्याची गाठ माझ्याकडून तीनदा करून घेतल्यावर. प्रथमोपचाराचा वर्ग अग्निशमन दलच घेतं. दोन शनिवार मी फरशीवर गुडघे टेकून रबराच्या बाहुलीच्या तोंडात फुंकलं, आणि माझा गुरू होता न्हावी. "मास्तर, ती मेली," तो दर वेळी म्हणायचा. सगळा वर्ग हसायचा. माझ्या वर्गात ते कधी इतके हसले नव्हते.

होडी ओर्विलची. हिरवी, लाकडाची, त्यानं स्वतः बांधलेली. नाव 'बेव्हर्ली', त्याच्या वारलेल्या बायकोचं. तिच्यात चढता येत नाही म्हणून सहा वर्षं गोठ्यात उभी होती. तिच्यावरचा कपडा काढताना तो मला एकेक सूचना देत होता.

"दगडावर घासू नकोस. नांगर फेकू नकोस, सोड. आणि केळं आणू नकोस."

होडीत केळं नेलं की मासा मिळत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी शिकलेला माणूस आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. केळं मात्र मी कधी नेलेलं नाही.

मग ओर्विल होडीच्या काठावरून हात फिरवत राहिला. म्हणाला, "मास्तर, रेल्वेच्या पडक्या खांबाच्या खाली एक बुडालेलं विलोचं झाड आहे. त्याच्या सावलीत, काठापासून एक वीत. टोळासारखी माशी टाकायची. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तो मोठा मासा तिथं येतो. माझ्या पोराला सांगितलं नव्हतं मी हे. तो डेन्व्हरला गेला, त्याला काय करायचंय." त्यानं खिशातून एक डबी काढून माझ्या हातात दिली. आत तीन टोळ होते, त्याच्या हातचे. बावीस वर्षं आम्ही शेजारी आहोत. या माणसानं मला गवत कापायचं यंत्र दिलं, शिडी दिली, एकदा स्वतःची बर्फाची गाडी दिली. पण मासा लागायची जागा कुणी कुणाला देत नसतं. मी उगीचच होडीची खिळ्यांची रांग तपासू लागलो.

ऑगस्टची एकवीस तारीख ठरली. आणि एकोणीसला पाटी लागली: पाणी तापलंय, माशांना त्रास नको, म्हणून दुपारी दोननंतर मासेमारी बंद. आम्ही याला घुबडाचा नियम म्हणतो, कारण मग घुबडाच्या वेळेला उठून नदीवर जावं लागतं. म्हणजे आठ तास पुरे करायचे तर पहाटेच निघणं आलं.

पहाटे साडेपाचला मी वरच्या धक्क्यावर पायऱ्यांशेजारच्या घसरणीवरून होडी दोरीनं पाण्यात सोडली. इथं आमची एक पद्धत सांगायला हवी. होडी नदीबरोबर खाली जाते, गाडी वरच राहते. म्हणून गाडीची किल्ली पुढच्या डाव्या चाकावर ठेवायची आणि निघायचं. मागून डार्सी येते, किल्ली घेते, गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन लावते आणि किल्ली पुन्हा चाकावर ठेवते. उन्हाळ्यात आमच्या नदीकाठी चाळीस-पन्नास गाड्या अशा उभ्या असतात, प्रत्येकीच्या चाकावर किल्ली. आजवर एक गाडी चोरीला गेलेली नाही. किल्ली लपवायची असते हे आमच्या खोऱ्यात कुणाला सुचतच नाही.

लॅथ्रप आला तो अंगभर नवा कोरा. शर्टाच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. त्यानं माझ्या खांद्यावर हात मारला.

"वेन! काय म्हणतोस मित्रा!"

माझं नाव वेंडेल ऑस्टगार्ड. सख्ख्या आईनंही मला कधी वेन म्हटलं नाही. गावातले पन्नाशीचे बाप्ये अजून मला 'सर' म्हणून हाक मारतात. पण ओर्विलचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी म्हटलं, "या, बसा."

तो पुढच्या खुर्चीवर बसला, पिशवी उघडली आणि त्यातून केळ्यांची अख्खी फणी काढली.

"दर दोन तासांनी एक," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय. घेणार?"

मी काय बोलणार? दोन हजार डॉलरच्या पाहुण्याला केळं खाऊ नका म्हणू? मी वल्ही मारत होतो आणि ती फणी माझ्याकडे बघत होती. पहिल्या तीन तासांत लॅथ्रपनं गळ माझ्या टोपीत अडकवला, माझ्या कानात अडकवला, एकदा विलोच्या शेंड्यात अडकवला. तो काढायला मी काठाला गेलो तेव्हा बेव्हर्ली एका दगडावर अशी घासली की हिरव्या रंगाची लांबच लांब पट्टी निघाली. मासा एकही नाही. मधल्या वेळात तो बोलत होता. बायको कशी गेली ते, मग शांतता कशी सापडली ते, श्वास कसा घ्यायचा ते. न्हाव्याच्या सल्ल्याप्रमाणे मी त्याला बोलू दिलं. ढिला मीच पडत चाललो होतो.

माझं भाषण पाठ होतं. नोरीननं त्यातून तीन वेळा शब्द काढून टाकले होते आणि दोन वाक्यं उरली होती. ती मी दहाला सुरू केली तेव्हा त्याचा फोन वाजला. साडेदहाला सुरू केली तेव्हा तो श्वास घेत होता.

अकराच्या सुमाराला आम्ही त्या गाडीवाटेसमोर आलो. ठरल्याप्रमाणे फाटकाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, ओर्विल बसलेला होता. घडीची खुर्ची, मांडीवर काठी, डोक्यावर टपालखात्याची जुनी टोपी. नदीपासून दोनशे पावलं असेल. मधे फाटक.

"अरे वा!" लॅथ्रप म्हणाला, आणि त्यानं फोन काढून चार फोटो काढले. "काय चित्र आहे! कोण आहे तो?"

आता किंवा कधीच नाही, असं म्हणून मी वल्ही थांबवली.

"ते ओर्विल ट्वेट. चाळीस वर्षं इथं मासे धरले त्यांनी. त्यांना पायऱ्या उतरता येत नाहीत, आणि दुसरी सपाट वाट या नदीला नाही. त्यांच्यापुरतं तरी ते फाटक उघडा."

दोन वाक्यांची चार झाली, पण म्हटली. लॅथ्रपनं ओर्विलला हात केला. ओर्विलनंही केला. भला माणूस, टोपीसुद्धा काढली.

"वेन, मला सगळं समजतं," लॅथ्रप म्हणाला. "पण वकील, विमा... तुला कल्पना नाही. बघू. आधी मला एक मासा तर दाखव. मग बोलू आपण."

मग बोलू. हे दोन शब्द मी धरून बसलो. पुढचे दोन तास मी त्या माणसाला बैलासारखं ओढत नेलं. एक वाजला, दीड वाजला. फणीत एकच केळं उरलं. मी मनाशी म्हणत होतो, ती जागा नको, दुसरीकडे कुठं तरी लागू दे, कुठलाही चालेल, वीतभर का असेना. नाही लागला. पावणेदोनला रेल्वेचा पडका खांब दिसला.

मी डबी उघडली. ओर्विलचा टोळ त्याच्या दोऱ्याला बांधला. बांधताना गाठ दोनदा सुटली. लॅथ्रप म्हणाला, वयामुळे होतं. नांगर सोडला, फेकला नाही. "ते बुडालेलं झाड दिसतंय? त्याच्या सावलीत, काठापासून एक वीत."

पाच वेळा त्यानं भलतीकडेच टाकला. सहाव्यांदा वारा आला आणि वाऱ्यानं टोळ नेऊन बरोबर तिथं ठेवला. पाणी फुगलं. एक भलंमोठं पिवळं तोंड वर आलं आणि बंद झालं.

पुढं काय झालं ते मी सांगत नाही. वल्ही मी मारली, दोरा मी सोडायला लावला, जाळं मी घातलं, आणि मासा त्याला मिळाला. पंचवीस इंचांचा तपकिरी ट्राउट. आमच्या नदीत असा मी दोनदा पाहिलाय. लॅथ्रपनं तो पाण्यात दोन्ही हातांत धरला आणि तो रडायला लागला. खरोखर, हुंदके देऊन. मासा सोडून दिला तरी रडत होता. दोनला सहा मिनिटं कमी होती. मलाही भरून आलं होतं, कबूल करतो. मला ते फाटक उघडताना दिसत होतं, ओर्विलची गाडी खडखडत पाण्यापर्यंत येताना दिसत होती. केळ्यांनी काही झालं नाही, असंही मी मनात म्हटलं.

खालच्या धक्क्याला लागलो तर गाडी नाही. डार्सी तिथं आपल्या गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभी.

"सर, किल्ली कुठाय?"

"चाकावर."

"चाकावर नव्हती. मी गाडीखाली झोपून पाहिलं. दोन तास गेले माझे."

"अगं, मी स्वतः ठेवली!"

"तसं तुम्ही वहीतल्या चुकांबद्दलही म्हणायचात, स्वतः तपासली म्हणून."

मी लालबुंद झालो. तेवढ्यात लॅथ्रपनं खिशात हात घातला.

"अरे हो! ही का? सकाळी तुझ्या चाकावर उघडी पडली होती, वेन. कुणीही नेली असती गाडी. मी कुलूप लावून ठेवलं. तुला सांगायचंच राहिलं." आणि असं हसला की जणू मीच त्याचे आभार मानायला हवे होते. मी मानलेही.

डार्सीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, किल्ली घेतली आणि गाडी आणायला गेली. आम्ही दोघं उन्हात राहिलो. त्यानं शेवटचं केळं सोललं.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "आजच्या दिवसानं माझे डोळे उघडले. ही नदी किती नाजूक आहे! असं काही उरलंय जगात हे मला माहीतच नव्हतं. हे जपायला हवं, वेन. तो खांबाजवळचा काठ कुणाचा आहे? मी घेतो तो. आणि फाटकाचं तू म्हणालास ना..."

"हो," मी म्हटलं.

"ते साधं कुलूप काढून टाकतो. चांगलं लोखंडी फाटक बसवतो, कॅमेऱ्यासकट. आज एकाला सोडलं की उद्या पन्नास येतील, मग कुठला आलाय तो मासा? त्या आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांचा फोटो मी मोठा करून घरात लावणार आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे व्हायला हवा होता. मी त्याला काय काय बोललो असतो! तेहतीस वर्षं मी मुलांना बाकावर उभं केलं, शब्द माझ्याकडे भरपूर आहेत. पण त्यानं किल्ल्यांच्या जुडग्यातून एक छोटी पितळी किल्ली सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुझी. नवं फाटक झालं की नवी देईन. तू वेगळा आहेस, तुला नदी कळते. वाटेल तेव्हा ये. फक्त तू एकटा हं. दुसरं कुणी दिसलं तर मात्र सगळंच बंद."

परत देता आली असती. नदीत फेकता आली असती, नदी चार पावलांवर होती. तोंडावर मारता आली असती. मी मूठ मिटली आणि म्हणालो, "थँक यू, कॉर्बिन."

घरी पोचलो तेव्हा ओर्विल माझ्याच ओसरीत बसला होता. दिवसभर उन्हात बसून त्याचं नाक लाल झालं होतं.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला," मी सांगितलं. हे खरंच होतं.

ओर्विलनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मासा?"

"मिळाला. तिथंच. तुमच्या टोळावर." मी दोन्ही हात पसरून लांबी दाखवली.

त्याचा चेहरा उजळला. "आहे ना अजून! म्हटलं नव्हतं तुला?" त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. त्याच बाजूच्या खिशात ती किल्ली होती. "जाऊ दे रे मास्तर. जमेल तेवढं केलंस तू. दुसऱ्या कुणी एवढंही केलं नसतं." जाता जाता बेव्हर्लीच्या पोटावरची रंग निघालेली पट्टी त्यानं पाहिली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला.

किल्ली कुठं ठेवायची हेच मला कळेना. गाडीची किल्ली चाकावर, घराची किल्ली आमच्याकडे नाहीच. शेवटी मी ती कोकिळेच्या घड्याळात ठेवली, मागच्या झाकणाआड. आठवड्याभरानं नोरीन घड्याळाला चावी द्यायला गेली तेव्हा तिला ती सापडली. तिनं ती हातात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, परत होती तिथं ठेवली आणि झाकण लावलं. त्या दिवशी ती माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही. नंतर बोलली ते बटाट्यांबद्दल.

मी गेलो नसतो तर बरं झालं असतं. मी चार वेळा गेलो. वाईट हे की मासे लागतात.

दर रविवारी ओर्विल कुंपणावरून एक डबी माझ्या हातात देतो. सहा माश्या, कधी आठ. ओसरीत पडून काय करायच्यात, म्हणतो, तू तरी वापर. मग विचारतो, "कुठं जातोस हल्ली?"

"सरकारी धक्क्यावर," मी म्हणतो.

"त्या पायऱ्या जपून उतर रे मास्तर," तो म्हणतो. "फार घसरतात."